दोन पुंगळ्या, एक जखम

१

शनिवारी दुपारी व्हर्जिल स्ट्राउड आपल्याच तबेल्यात मरून पडलेला सापडला, आणि दिवस मावळायच्या आत बिटर फोर्क खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या बायकोला खुनी ठरवून टाकलं. उरलेल्या निम्म्यांना बातमी उशिरा कळली, एवढंच.

वेल्डा कार्स्टन तिथे पोचली तेव्हा तीन वाजले होते. ती धंद्याने गुरांची डॉक्टर. शिवाय गेली नऊ वर्षं काउंटीची कोरोनर, म्हणजे कोण कसं मेलं याचा निवाडा देणारी. हे पद मतांवर मिळतं आणि कुणालाच नको असतं, म्हणून तिच्या गळ्यात पडलेलं. सकाळपासून ती उत्तरेला साठ मैलांवर एका पहिलारू गायीचं पोट फाडून वासरू काढत होती. मार्च म्हणजे गाई विण्याचे दिवस. हात गायीच्या पोटात, फोन मालकिणीच्या हातात, आणि मालकीण निरोप सांगणार: कुणाचं वासरू आडवं आलंय, कुणाची म्हातारी घोडी पाय मोडून पडलीय, कुणाचा बैल काही खात नाही. चौथा फोन जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, शेरीफ पुलियम याचा होता. कोपरापर्यंत वाळलेलं रक्त तसंच घेऊन ती आली.

"हात धू आधी," पुलियम म्हणाला. "लोक काय म्हणतील."

"लोक माझ्याबद्दल म्हणायचं काही शिल्लक ठेवतात का?"

व्हर्जिल अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, मितभाषी माणूस. आता गवताच्या गंजीशी टेकून बसल्यासारखा पडला होता. जखम एकच. हाताशी एक जुनं रिव्हॉल्व्हर, निळा रंग उडालेलं. वेल्डाने चक्री फिरवून बघितली. सहा घरं. दोनांत उडालेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या, तीनांत जिवंत गोळ्या. सहावं घर रिकामं, कोरडं, स्वच्छ.

"दोन पुंगळ्या, एक जखम," पुलियम म्हणाला. "दुसरी गोळी गेली कुठं? फळीन्‌फळी तपासली. छप्पर, गवत, जमीन. तबेल्यात दुसरं भोक नाही."

व्हर्जिलच्या कोटाच्या खिशात चाकू होता, आणि घोड्याच्या शेपटीच्या करड्या केसांची एक बट, गवत बांधायच्या नारिंगी सुतळीने नीट गाठ मारलेली.

"दोर वळत असेल," पुलियमने खांदे उडवले. खोऱ्यात निम्मे पुरुष हिवाळ्यात घोड्याच्या केसांचे दोर वळतात, तेव्हा तोही काही चुकीचं बोलत नव्हता.

दारात व्हर्जिलचा धाकटा भाऊ क्लीट उभा होता. तो रडला नव्हता. रडायच्या ऐवजी रागावला होता.

"डॉक, एक गोष्ट लिहून घे," तो म्हणाला. "माझ्या भावाच्या पाच बंदुका होत्या. फेब्रुवारीत त्या नेब्रास्कावालीने पाचही उचलून शहरात आपल्या बहिणीच्या तिजोरीत टाकल्या. त्याला लहान लेकरासारखं केलं. घरात साधी छऱ्यांची बंदूकसुद्धा ठेवली नाही. मग ही सहावी आणली कोणी?"

२

नेब्रास्कावाली म्हणजे व्हर्जिलची बायको नेड्रा, दुसऱ्या राज्यातून आलेली. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी खोऱ्याच्या लेखी ती अजून परवाच आलेली. ती स्वयंपाकघरात ताठ बसली होती. समोरची कॉफी निवून गेली होती.

"तू पण तेच विचारणार," ती वेल्डाला म्हणाली. "विचार."

"किती आवाज ऐकलेस?"

"एक. मी एकला घरी आले. गाडीतून धान्याची पोती उतरवत होते. सव्वाएकला आवाज आला. एकच. पुलियम म्हणतो दोन. मी म्हणते एक. तो म्हणतो, बाई, पुंगळ्या खोटं बोलत नाहीत." ती कडवट हसली. "बायका बोलतात म्हणे."

"बंदुका का नेल्यास?"

नेड्राने खिडकीबाहेर बघितलं. "मला वाटलं म्हणून."

"तुला आपलं वाटलं, आणि त्याने नेऊ दिल्या?"

"तुझं काम मेलेल्यांचं आहे ना? मग माझ्या संसारात नाक कशाला खुपसतेस?"

ही बाई काहीतरी झाकत होती. वेल्डाला गुरांचा अनुभव दांडगा, आणि जनावर दुखरी जागा कशी चुकवतं ते तिला ठाऊक. पण तिने ताणलं नाही. बाहेर पडताना मागच्या पायरीवर तिला एक बादली दिसली. कोंडा गरम पाण्यात भिजवून केलेली पेज, वर साय धरलेली, तोंड न लावलेली.

"हे कुणाचं?"

"आजीचं. म्हणजे करडी घोडी. एकतीस वर्षांची आहे, तोंडात दात नाहीत. व्हर्जिल रोज सकाळी करून ठेवायचा. बाराच्या ठोक्याला ओढ्यावरून येते आपली आपण." नेड्राचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "येईल. आज माणसं फार आहेत, बुजली असेल."

पुलियम गाडीपाशी थांबला होता. "बुधवारी पंचांपुढे चौकशी ठेवलीय," तो म्हणाला. "दुसरी गोळी सापडली नाही, तर पंच काय म्हणतील ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. आणि मग मला नेड्राच्या हातात बेड्या घालाव्या लागतील."

३

सोमवारी वेल्डा रिव्हॉल्व्हरचा फोटो घेऊन पेंडीच्या दुकानात गेली. सकाळी नऊला तिथे कॉफीभोवती खोऱ्यातलं सगळं शहाणपण जमलेलं असतं. फोटो हातोहात फिरला. प्रत्येकाने बघितला, पुढे सरकवला, आणि मान हलवली.

"नाही बघितली कधी."

"नाही बुवा."

"अशा शंभर असतील."

बाराजण, बारा नकार. आणि एकानेही फोटो दुसऱ्यांदा बघायला मागितला नाही. इथली माणसं दोन मैलांवरून येणारा ट्रक कुणाचा ते सांगतात. कुठल्या कुत्र्याचा बाप कोण, हेही सांगतात. बंदूक ओळखत नाहीत, यावर विश्वास ठेवायला वेल्डा काही कालची पोर नव्हती. कुणालाच माहीत नसतं तर तासभर वाद रंगला असता, पैजा लागल्या असत्या. इथे तर सगळ्यांनी एकदम तोंडाला कुलूप घातलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मिळून नेड्राला बळी द्यायला तयार होते. तिला राग आला, आणि तो तिने लपवला नाही.

"म्हणजे एका बाईला तुरुंगात जाऊ द्यायचं ठरलंय तुमचं."

क्लीट कोपऱ्यातून उठला. "तिने त्याला आधीच मारला होता, डॉक. पुरुषाच्या घरातून बंदुका काढल्या की राहतं काय? आमच्या आजोबांची रायफल होती त्यात. दोनदा मागायला गेलो, दारातून हाकलला मला." त्याने पेला आपटला. "आणि घरात बंदुका नकोत, हे तुझं पुराण नको. मरणाऱ्याला दोर मिळतो, नदी मिळते. ज्याला जायचंय तो जातोच."

"माझ्या वहीत नऊ वर्षांत स्वतःच्या हाताने गेलेली एकवीस माणसं आहेत, क्लीट. सगळी आपल्यातली. सतरा बंदुकीने गेली. तू म्हणतोस ती माणसं ठरवून बसली होती. मी त्यांची घरं बघितली आहेत. चुलीवर बटाटे उकळत ठेवलेले असतात."

"बंदुका काढून घ्यायला आलेली दिसतायत सरकारची माणसं," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा पिकला.

"सरकारची नाही, हिची एकटीची हौस आहे," रॉस केल्सो म्हणाला. "माझ्या बंदुका तीन महिने हिच्या औषधांच्या कपाटात होत्या. मी दिल्या ते ठीक, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण अजून माझ्या रायफलीला गुरांच्या औषधाचा वास येतो. हरणं पळतात." तो वेल्डाकडे बघून थुंकला, अगदी बुटाजवळ. "परत कधी माझ्या दारात येऊ नकोस."

वेल्डाने फोटो खिशात घातला. रॉस केल्सो तीन वर्षांपूर्वी तिच्या वहीत येता येता राहिला होता. आज तो थुंकतोय, शिव्या देतोय, आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घोडा शिकवतोय. तिला तेवढं पुरत होतं.

दाराबाहेर क्लीट तिच्या मागोमाग आला. "मी दिली असं वाटतंय ना तुला? दिली असती तर छाती ठोकून सांगितलं असतं."

"तुझी बघू."

त्याने कमरेची काढून दाखवली. नवी कोरी, काळी, चक्रीत गच्च गोळ्या. "एकही घर रिकामं ठेवत नाही मी," तो गुर्मीत म्हणाला.

वेल्डा गाडीत बसली आणि चावी फिरवता फिरवता थांबली. सहावं घर रिकामं, कोरडं, स्वच्छ. तिचे वडील तसंच भरायचे. जुनी रिव्हॉल्व्हरं धक्का बसला तरी उडायची, म्हणून बंदुकीच्या घोड्याखालचं, म्हणजे ठोक्याखालचं, घर रिकामं ठेवायचं, पाचच गोळ्या घालायच्या. नव्या बंदुकांना त्याची गरज नाही, नव्या माणसांना ते माहीतही नाही. ही बंदूक कुणातरी म्हाताऱ्याने भरलेली होती.

४

मंगळवारी सकाळी ती पुन्हा स्ट्राउडांच्या घरी गेली, मागच्या बाजूने. पायरीवर बादली तशीच होती. पेज गोठून दगड झाली होती.

"घोडी आली नाही?" तिने विचारलं.

"घोडीकडे बघायला इथे कुणाला सवड आहे?" नेड्रा खेकसली. मग तिच्याच लक्षात आलं. "तीन दिवस झाले."

वेल्डा पायरीवरच बसली. करडी घोडी. करडे केस. दोर वळायचा तर पोतंभर केस लागतात, एक बट नाही. आणि जित्या घोड्याची शेपटी या खोऱ्यात कुणी कापत नाही. उन्हाळ्यात माश्या कशाने हाकलेल ते जनावर? शेपटीची बट कापतात ती एकदाच. चांगला घोडा गेला की, आठवण म्हणून, त्याच्याच धन्याने.

"नेड्रा, कोट घाल. तुमची मेलेली ढोरं टाकायची घळ कुठं आहे?"

घळ घरापासून अर्ध्या मैलावर, ओढ्याच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून. वारा असा की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. घोडी उतारावर बर्फावरच पडली होती. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडलेला. कपाळाच्या मधोमध, जिथे असायला हवी तिथेच, एक गोळीची खूण. आणि शेपटीतून एक बट स्वच्छ कापलेली.

"ही ती दुसरी गोळी," वेल्डा म्हणाली. "म्हणजे खरं तर पहिली. घोडी पाय मोडून पडली. व्हर्जिलने तिला सोडवलं. आपला घोडा आपल्याच हाताने, दुसऱ्याला ते करू द्यायचं नाही. तेव्हा तू शहरात होतीस, म्हणून तू एकच आवाज ऐकलास. तू खरं बोलत होतीस."

नेड्रा बर्फात गुडघ्यांवर बसली आणि तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"मी नाही नेल्या बंदुका," ती म्हणाली. "त्यानेच गाडीत ठेवल्या. फेब्रुवारीत एका पहाटे उठला, पाचही घोंगडीत गुंडाळल्या आणि म्हणाला, नेड्रा, या इथून घेऊन जा, मला माझाच भरवसा वाटत नाही. आणि म्हणाला, कुणाला सांगू नकोस. क्लीटला तर नाहीच."

"मग लोकांच्या शिव्या खाल्ल्यास त्या?"

"त्याची लाज झाकायला दुसरं काय होतं माझ्याकडे? बायकोने नेल्या म्हटलं की बायको वाईट. त्याने दिल्या म्हटलं की तो भित्रा. मला वाईट व्हायची सवय आहे." तिने डोळे पुसले. "तो बरा होत होता, वेल्डा. झोपायला लागला होता. शनिवारी सकाळी अंडी मागितली त्याने."

वेल्डा बर्फावरच्या खुणा बघत होती. व्हर्जिलचे बूट आले होते आणि गेले होते. त्यांच्याजवळ दुसरे बूट, जुने, एका बाजूला झिजलेले, आणि प्रत्येक पावलाशेजारी एक गोल भोक. काठीचं. त्या खुणा कुंपणापलीकडून आल्या होत्या.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. तिने खिशातून फोन काढला, शनिवारची यादी उघडली. पहिला फोन, दुसरा फोन. कुणाची म्हातारी घोडी पाय मोडून पडलीय, तो तिसरा. अकरा वाजून चाळीस मिनिटं. नंबरापुढे नाव होतं ऑरिन टीग.

५

ऑरिन टीग शहात्तर वर्षांचा, कुंपणापलीकडचा शेजारी. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. व्हर्जिलला पहिल्यांदा घोड्यावर त्यानेच बसवलं होतं. खोऱ्यात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि आता तिला कळलं की त्याची बंदूकही कुणी ओळखायला तयार नव्हतं.

त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. ती तशीच आत शिरली. खुंटीवर कमरेचा पट्टा लटकत होता. त्याचं चामडी म्यान रिकामं होतं. टेबलावर एक रायफल आडवी ठेवलेली.

"साफ करायला काढलीय," तो म्हणाला.

"तेल कुठंय? फडकं कुठंय?"

वेल्डा त्याच्या आणि टेबलाच्या मधे जाऊन उभी राहिली, हलली नाही.

"निघ इथून, डॉक. सांगतो, निघ."

"तुमची बंदूक पुलियमच्या कपाटात आहे. तुमचे बूट घळीत आहेत, तुमची काठी पण. उद्या नेड्राला बेड्या पडतील. एवढं ऐकूनही निघायला सांगायचं असेल तर सांगा."

म्हातारा खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"घोडी माझ्या कुंपणाशी पडलेली दिसली," तो म्हणाला. "तुला फोन केला. मग व्हर्जिलला गाडीतून घेऊन आलो. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे हात पसरला. नुसता हात. तोंडाने काही मागितलं नाही त्याने. मी काय म्हणणार होतो? बाळा, तुला परवानगी नाही, मी मारतो तुझी घोडी? एकतीस वर्षं तिला सांभाळलेला माणूस तो."

"तुम्हाला माहीत होतं त्याच्या घरात बंदुका का नाहीत ते."

"सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, बायकोने बेइज्जत केलंय, आपण तरी माणसासारखं वागवू." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "मी टेकडीवर गाडी घेऊन गेलो. माणूस घोडा मारतो तेव्हा आपण बघत नाही. आवाज ऐकला. वाटलं, रडू दे पोटभर, संध्याकाळी आणून देईल. माझी एक गाय अडली होती, म्हणून घरी आलो."

मग तो पुढे बोलला, आणि वेल्डाला वाटलं की तो चार दिवस हेच वाक्य तोंडात धरून बसला होता.

"पाच गोळ्या होत्या. एका घोडीला एक लागते. बाकीच्या चार काढून देता आल्या असत्या मला. मनात आलं होतं. हात चक्रीवर गेला होता. पण ज्याच्या हातात बंदूक द्यायची त्याच्यासमोर गोळ्या काढायच्या म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. मी नाही काढल्या."

"मग माझंही ऐका," वेल्डा म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "तुम्ही विचारलंत, यायला किती वेळ. मी म्हणाले, तीन तास. आणि म्हणाले, थांबू नका म्हणावं, तुमच्याकडे बंदूक आहे ना, सोडवा तिला. कुणाची घोडी, ते विचारलं नाही. नऊ वर्षं मी घरोघर विचारत फिरते, बंदूक आली कुठून. ही मी पाठवली."

ऑरिनने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत दया वगैरे काही नव्हती.

"मी नाव सांगणारच होतो. त्या गायीच्या मालकिणीने फोन ठेवला."

"मला माहीत आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"नाही. तुम्ही एकटे नाही, एवढ्यासाठी. बरं दोघांनाही वाटणार नाही." तिने रायफल उचलली. "किती आहेत घरात?"

"हात लावू नकोस."

"किती?"

"चार. आणि ट्रकमधे एक." तो उठला, काठी आपटली. त्याचा चेहरा संतापाने लाल झाला होता. "शहात्तर वर्षांत माझ्या घरातून कुणी बंदूक उचलून नेली नाही. तू मला त्या पोरासारखं समजतेस."

"हो. तसंच समजते. त्याला तसं समजायला हवं होतं."

सगळ्या तिने स्वतः गाडीत भरल्या. पाचवी त्याने ट्रकमधून आणून बर्फात फेकली, तिच्या पायांशी.

"घेऊन जा. आणि परत तोंड दाखवू नकोस."

"एक शेवटचं. तुमचा घोडा, बिस्किट, तोही म्हातारा झालाय. तो पडला तर मला फोन करायचा. मी कुठेही असेन, येईन. शेजाऱ्याकडे हात पसरायचा नाही."

त्याने दार तिच्या तोंडावर लावलं.

६

बुधवारी चौकशीला सभागृहात बसायला जागा नव्हती. वेल्डाने पंचांना घोडीचे फोटो दाखवले, सहाव्या घराचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. बंदूक कुणाची, हे तिने सांगितलं नाही. सांगायची तयारी होती, कागद हातात होता. पण त्याआधी मागच्या बाकावरून काठीचा आवाज आला.

"माझी," ऑरिन टीग म्हणाला. "आणि इथल्या प्रत्येकाला ते शनिवारपासून माहीत आहे. मला वाचवायला तुम्ही एका बाईला अडकवत होता. मी कुणाला असं सांगितलं नव्हतं."

कुणी कुणाकडे बघेना. पेंडीच्या दुकानातले बाराही जण आपापल्या टोप्या न्याहाळत होते.

क्लीट मात्र उठला. "काय फरक पडला? त्याने ठरवलंच होतं. आज नाही तर उद्या."

वेल्डाने केसांची बट टेबलावर ठेवली. नारिंगी सुतळी, नीट गाठ.

"ही त्याच्या खिशात होती. घोडी गेल्यावर त्याने चाकू काढला, बट कापली, सुतळी शोधली, गाठ मारली, खिशात घातली. जपून ठेवायला. जो माणूस मरायला निघालाय तो आठवण कशाला जपेल, क्लीट? कुणासाठी? ही गाठ मारताना तुझा भाऊ जगणार होता. बारा वाजता जगणार होता. सव्वा वाजता नाही. मधल्या सव्वा तासात दुसरं काही बदललं नव्हतं. घोडी गेली होती, घरात कुणी नव्हतं, आणि हातात ते रिव्हॉल्व्हर होतं. नेड्रा एकला घरी आली. पंधरा मिनिटं, क्लीट. ते हातात नसतं तर पोती उतरवायला तो तिच्या मदतीला आला असता."

आणि मग तिने फोनची गोष्ट सांगितली, स्वतःची. पुलियमने तिला थांबवायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही.

बंदुका कोणी गाडीत ठेवल्या, ते नेड्राने उठून स्वतः सांगितलं. क्लीट पुढे आला, बट उचलली, गाठीवरून अंगठा फिरवला. मग ती नेड्रासमोर ठेवली.

"तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. माफी नाही, काही नाही. एकवीस वर्षांत त्याने तिला दिलेली ती पहिली वस्तू होती.

पंचांनी नेड्राला मोकळं केलं. खोऱ्याने वेल्डाला केलं नाही. पंचनाम्यात एक माणूस, एक बंदूक, एक जखम एवढंच मावतं. बाकीचं तिने उगाच चारचौघांत उकरलं, असं सगळ्यांचं मत पडलं. उन्हाळ्यात तिची निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती पडणार हे उघड होतं. कुणीतरी तिच्या गाडीच्या काचेवर 'बंदूकचोर' असं खिळ्याने कोरून ठेवलं. ऑरिनच्या पाच बंदुका औषधांच्या कपाटात होत्या, आणि तो रस्त्यात दिसला की तोंड फिरवून जायचा. दर वेळी वेल्डा मनातल्या मनात म्हणायची, फिरव बाबा, फिरव. फिरवायला तोंड आहे तोवर फिरव.

ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फात ती दक्षिणेला पन्नास मैलांवर एका कळपाची तपासणी करत होती. फोन वाजला. या वेळी तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन स्वतः घेतला.

"बिस्किट पडलाय," ऑरिन म्हणाला. ना नमस्कार, ना नाव. "पोटाची कळ. उठत नाही. किती वेळ लागेल तुला?"

"दोन तास. रस्त्यावर बर्फ आहे."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता, आणि मधेच घोड्याचं कण्हणं. जनावराला दोन तास तसंच ठेवायचं म्हणजे काय, ते या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

"कुंपणापलीकडे क्लीट आलाय राहायला," म्हातारा म्हणाला. "त्याच्या कमरेला आहे. हाक मारली तर पाच मिनिटांत येईल."

"माहीत आहे मला."

"घोड्याला फार त्रास होतोय, डॉक."

"तेही माहीत आहे. त्याच्या अंगावर घोंगडी घाला. डोकं मांडीवर घ्या. मी निघाले."

ती धावत गाडीपाशी पोचली, फोन कानालाच होता. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, तरी म्हातारा बोलला नाही. मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच रागीट.

"लवकर ये," ऑरिन टीग म्हणाला. "मी थांबतो."